पाठीत हाणला की नुसते मारले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कथेत ‘बापाने पाठीत एक हाणला’ असे वाक्य होते. संपादकांनी ते ‘वडिलांनी त्याला मारले’ असे करून परत पाठवले आणि समासात शेरा मारला: ‘हाणणे अशिष्ट, टाळावे.’ तर ‘हाणणे’ खरोखर अशिष्ट आहे का, ‘मारणे’पेक्षा त्याचा अर्थ काही वेगळा आहे का, आणि ललित लेखनात तो कुठे शोभतो?

शेरा मला पटत नाही. कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखिते तपासणे हेच माझे काम, त्यामुळे ही अदलाबदल माझ्या टेबलावरून सतत जात असते. ‘हाणणे’ कापणाऱ्याला बहुतेक वेळा शब्द शिष्ट केल्याचे समाधान मिळते, आणि वाक्याचा अर्थ बदलला हे त्याच्या लक्षातही येत नाही. या दोन क्रियापदांची नजर वेगवेगळ्या ठिकाणी असते. ‘मारणे’ मार खाणाऱ्याकडे आणि त्याचे पुढे काय झाले याकडे पाहते. ‘हाणणे’ घावाकडे पाहते: हात उचलला, तो कुठे पडला, किती जोरात पडला.

आधी कुळ पाहू, कारण इथे एक गंमत आहे. ‘मारणे’ हे ‘मरणे’चे प्रयोजक रूप. पडणे-पाडणे, सरणे-सारणे, तरणे-तारणे, तसेच मरणे-मारणे. संस्कृतात ‘मृ’ धातूचे ‘मारयति’, प्राकृतात ‘मारेइ’, मराठीत ‘मारणे’. म्हणजे मूळ अर्थ मरायला लावणे, जीव घेणे. ‘मारणाऱ्यापेक्षा तारणारा मोठा’ ही म्हण त्याच जुन्या अर्थावर उभी आहे. तिथे चापट मारणारा कुणाच्या मनात येत नाही. ‘हाणणे’ येते ‘हन्’ धातूवरून, प्राकृत ‘हण’ या रूपातून. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात ‘हन्’चे अर्थ हिंसा आणि गती असे दिले आहेत. संस्कृतात हा धातू तडाखा देणे आणि ठार करणे ही दोन्ही कामे करतो. मराठीत येता येता दोघांची वाटचाल उलटसुलट झाली. मरणाच्या घरातून आलेले ‘मारणे’ चापटीपर्यंत खाली उतरले, पण खुनाचा अर्थ त्याने सोडला नाही. हत्येच्या घरातून आलेल्या ‘हाणणे’ने मात्र खुनाचा अर्थ टाकून दिला आणि फक्त घाव ठेवला.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला १९वा श्लोक हे उत्तम दाखवतो. मूळ शब्द आहेत ‘नायं हन्ति न हन्यते’, म्हणजे एकाच ‘हन्’चे कर्तरी आणि कर्मणी रूप. मराठीत आणताना तिथे ‘हाणणे’ कुणी वापरणार नाही. वापरले तर आत्मा कुणाला धपाटे घालत नाही असा अर्थ होईल. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीताई’त विनोबांनी तिथे मारणे आणि मरणे ही जोडी बसवली. ‘हन्’चा थेट वारस घरात असताना त्याचे काम परक्या धातूकडे गेले, आणि ते योग्यच झाले.

‘हन्’च्या बाकीच्या नातेवाइकांकडे एक नजर टाकण्यासारखी आहे. घात, आघात, हत्या, विघ्न, कृतघ्न ही उघड मंडळी. ‘घाव’ हा ‘घात’चाच प्राकृतातून झिजलेला अवतार. लोहाराचा ‘घण’ म्हणजे संस्कृतातला ‘घन’, तोही इथलाच. त्यामुळे ‘घणाने घाव हाणला’ या वाक्यात नाव, नाव आणि क्रियापद तिन्ही एका रक्ताची आहेत, आणि ‘घणाघाती’ भाषण ठोकणाऱ्या वक्त्याच्या विशेषणात एकच धातू दोनदा बसला आहे. ‘हानी’ मात्र या घराण्यातली नाही. ती ‘हा’ म्हणजे सोडणे, टाकणे या धातूची. ‘हाणण्यातून हानी’ अशी व्युत्पत्ती कुणी सांगितली तर हसून सोडून द्या.

आता वापरातला फरक. ही कसोटी कुणालाही घरबसल्या करून पाहता येते. ‘त्याने कुत्रा मारला’ आणि ‘त्याने कुत्र्याला मारले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात कुत्रा मेला. दुसऱ्यात तो केकाटत पळाला असावा. एका ‘ला’ने जीव वाचतो. ‘साप मारला’, ‘उंदीर मारला’, ‘डास मारला’ या सगळ्यांत प्रत्यय नाही आणि प्राणीही उरलेला नाही. माणसाच्या नावाला मात्र ‘ला’ लावावाच लागतो, म्हणून तिथे घोटाळा होतो. ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘बंड्याने गुंड्याला मारले’ यांचा सांगाडा एकच आहे. पहिल्यात वध आणि दुसऱ्यात शाळेच्या मधल्या सुट्टीतली कुरबुर, हे आपण आधीच्या माहितीवरून समजून घेतो. म्हणूनच मराठीला ‘ठार मारणे’, ‘जिवे मारणे’, ‘मारून टाकणे’ असे टेकू लागतात. ‘पतीने पत्नीला मारले’ असा मथळा मी कधीच जाऊ देत नाही. ‘मारहाण केली’ लिहा किंवा ‘खून केला’ लिहा. मधे लोंबकळत ठेवू नका.

‘हाणणे’मध्ये हा धोका नाही, कारण त्याने कुणी मरत नाही. ‘डास हाणला’ असे कुणी म्हणत नाही. ‘मन मारणे’, ‘भूक मारणे’ यांतही ‘हाणणे’ शिरू शकत नाही, कारण तिथे संपवण्याचा अर्थ आहे. उलट ‘हाणणे’ला सोबत काहीतरी ठोस लागते: काठी, दगड, रट्टा, निदान ‘एक’ किंवा ‘दोन’. ‘वडील लहानपणी फार मारायचे’ हे वाक्य सहज उतरते, त्यात वर्षानुवर्षांची सवय मावते. ‘वडील लहानपणी फार हाणायचे’ म्हटले की सांगणारा मित्रांत बसून हसत हसत आठवण काढतो आहे असे वाटते. ‘मारणे’ हा नात्याचा स्वभाव होऊ शकतो. ‘हाणणे’ म्हणजे त्या त्या वेळचा एकेक फटका.

तुमच्या वाक्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट संपादकांच्या नजरेतून सुटली, ती म्हणजे ‘हाणला’मधला ‘ला’. ‘पाठीत एक हाणला’ या वाक्यात काय हाणला ते सांगितलेलेच नाही, तरी वाचकाला कळते. पुल्लिंगी आहे, पाठीत आहे, म्हणजे धपाटा, गुद्दा किंवा रट्टा. ‘थोबाडीत हाणली’ म्हणा, लगेच स्त्रीलिंगी चपराक किंवा थप्पड उभी राहते. ‘कानाखाली वाजवली’, ‘मुस्काटात भडकावली’, ‘कानशिलात लगावली’ यांत नाव कुठेच नाही. क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात हाताचा तळवा उघडा आहे की मूठ वळलेली आहे हे बसले आहे. ‘डोक्यात हाणली’ म्हटले तर टपली की काठी हा प्रश्न उरतो, तो मागचे वाक्य सोडवते. ‘ढुंगणावर दोन हाणल्या’ म्हटले की छड्या किंवा चापट्या. मराठी वाचक हे लिंगवचनावरून क्षणात जुळवतो, आणि न सांगितलेले नाव स्वतः भरल्यामुळे फटका त्याला जास्त जवळून ऐकू येतो. ‘वडिलांनी त्याला मारले’ या नपुंसकलिंगी ‘मारले’मध्ये कुठे, कशाने, किती हे सगळे पुसले जाते. हकिगत सांगायची असेल तर हे पुरते. प्रसंग दाखवायचा असेल तर नाही. भर म्हणून ‘बाप’चे ‘वडील’ आणि ‘पाठीत’चे ‘त्याला’ झाले, म्हणजे एका शेऱ्याने वाक्यातले तीन खिळे उपटले गेले.

बोलण्यात ‘त्याला मारला’, ‘पोलिसांनी त्याला धुतला’ अशीही रूपे ऐकू येतात. तिथे ‘ला’ प्रत्यय असूनही क्रियापद माणसाच्या लिंगाने चालते. प्रमाण लेखनात निवेदकाने ‘मारले’, ‘धुतले’ लिहावे. पात्राच्या तोंडी असेल तर मी हात लावत नाही.

अशिष्टतेच्या मुद्द्यावर तुकारामांच्या एका अभंगाइतका बोलका पुरावा मला दुसरा माहीत नाही. ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ हा तो अभंग. त्यातली एक ओळ सगळ्यांना पाठ असते: ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी, नाठाळाचे माथी हाणू काठी.’ गाथेच्या छापील प्रतींत ती सहसा अशी सापडते: ‘भले तरि देऊं गांडीची लंगोटी । नाठाळाचि काठी देऊं माथां ॥’ दोन्ही पाठ नीट पाहा. लोकांच्या तोंडून फिरताना या ओळीत दोन बदल झाले. एक शब्द चारचौघांत म्हणायला अवघड वाटला, म्हणून त्याच्या जागी ‘कासेची’ आली. आणि त्याच ओळीत, त्याच सोवळ्या तोंडांनी, साध्या ‘देऊं’च्या जागी ‘हाणू’ आणून बसवले. अपशब्द गाळायला बसलेल्या समाजाला ‘हाणू’ अपशब्द वाटला असता तर त्याने तो मुद्दाम आत घेतला नसता. कीर्तनात, भाषणात, शाळेच्या फळ्यावर ही ओळ ‘हाणू’सह मिरवते.

लेखक म्हणून मात्र मला जुना पाठ जास्त भेदक वाटतो. त्या अभंगात ‘देऊं’ हा शब्द मुद्दाम घोळवला आहे. आधी ‘जो जो जें मागे तें तें देऊं’, मग लंगोटी देऊ, आणि त्याच दानशूर सुरात काठी देऊ. मागणाऱ्याला हवे ते देणारा माणूस नाठाळालाही त्याचे मागणे देतो, एवढेच. ‘हाणू’ने ओळीला ठसका आला, ती घोषणा झाली, पण देण्याच्या लयीतला थंडपणा गेला. मारण्याचा प्रसंग लिहिताना प्रत्येक वेळी जोरकस क्रियापदच हवे असे नाही, हे शिकायला ही एक ओळ पुरे आहे. मराठीत काठी देतात, घालतात, ठेवून देतात, बसवतात. ‘दोन ठेवून दिल्या’ या शब्दांत शांतपणे, विचार करून, हात आखडता न घेता मारणारा माणूस दिसतो. ‘दोन हाणल्या’ त्याच्यापेक्षा तापट.

मार खाणाऱ्याच्या बाजूने पाहायचे असेल तर क्रियापदेच बदलतात, आणि इथे भाषा फार श्रीमंत आहे. मार बसतो, पडतो, लागतो, मिळतो. आणि तो खावा लागतो. ‘हाणणे’चे असे नाम नाही, ‘मला हाण बसला’ असे कुणी म्हणत नाही. घाव मारणाऱ्याचा, मार खाणाऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. ‘मुका मार’ हा शब्द तर मला फारच आवडतो: जखम दिसत नाही, रक्त नाही, पण आत ठणकते. मुलाच्या नजरेतून प्रसंग लिहिणार असाल तर ‘पाठीत धपाटा बसला’ लिहून पाहा. हाणणारा वाक्यातून निघून जातो, उरतो तो फक्त धपाटा. भेदरलेल्या मुलाला नेमके तेवढेच कळत असते.

व्यवहाराच्या भाषेकडे या. सगळ्यात सरकारी, सगळ्यात कोरडा शब्द कोणता? मारहाण. ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ व दमदाटी केली’ हे वाक्य फिर्यादींत आणि गुन्ह्यांच्या बातम्यांत शिक्का मारल्यासारखे येते. त्यातली ‘हाण’ ‘हाणणे’चीच. एखाद्या विधेयकाचा किंवा कटाचा विषय निघाला की तो ‘हाणून पाडला’ असे अग्रलेखही लिहितात. म्हणजे एकटे ‘हाणणे’ गावंढळ आणि जोडीने आले की प्रतिष्ठित, असा हा कारभार आहे.

या जोडशब्दांत एक भेद आहे, तो पाळला नाही तर अन्याय होतो. मारहाण एकतर्फी असते, हाणामारी दुतर्फी. चौघांनी मिळून एकाला बडवले आणि बातमीत ‘दोन गटांत हाणामारी’ छापले, तर त्या एका शब्दाने मार खाणारा भांडखोर ठरतो. असे मथळे वारंवार दिसतात. काही निष्काळजीपणाने, काही बहुधा सोयीने. ‘मारामारी’ त्याहून सैल, पोरासोरांच्या झटापटीलाही चालते. आणि ‘मारामार’ म्हटले की एक वेलांटी कमी होऊन अर्थच पालटतो: पाण्याची मारामार म्हणजे टंचाई.

राजकीय बातम्यांत ‘टोला हाणला’, ‘टोला लगावला’ यांचा सध्या पूर आला आहे. टोला हा विटीदांडूतला, विटी लांब भिरकावणारा. कुणी साधी शंका काढली तरी टोला, कुणी आभार मानले तरी टोला. एवढे टोले पडूनही विटी हललेली नाही. कथेतल्या संवादानंतर ‘असा टोला त्याने हाणला’ लिहायचा मोह झाला तर तो आवरा. संवादात टोला असेल तर तो सांगावा लागत नाही.

लाक्षणिक वापरात दोघांचे रस्ते पुन्हा वेगळे होतात. ‘मारणे’ मदतनीस क्रियापद म्हणून जवळजवळ कुठेही जाते: हाक, मिठी, उडी, फेरी, डोळा, दडी, गाठ, रंग, थाप, शेरा, दांडी, आणि आता फोन, ब्रेक, सेल्फी. यांत मारझोड औषधालाही नाही. ‘हाणणे’ अशा मोजक्या ठिकाणीच जाते आणि जिथे जाते तिथे स्वतःचा दणका घेऊन जाते. ‘गप्पा मारल्या’ म्हणजे बोलत बसलो. ‘गप्पा हाणल्या’ म्हणजे कामधाम सोडून, भरपूर, थोड्या फुशारकीसकट. ‘जेवण हाणले’ म्हणजे बकाबका, पोटाला तडस लागेपर्यंत. म्हणजे अतिरेक आणि त्यातली मजा. हीच मजा ‘हाणणे’ची ताकद आहे, आणि हाच त्याचा धोकाही आहे.

धोका असा की ‘हाणणे’ नकळत हाणणाऱ्याची बाजू घेते. त्यात हात चालवण्याची खुमखुमी आहे. नवऱ्याने बायकोला मारल्याचा प्रसंग निवेदकाने ‘त्याने दोन हाणल्या’ असा लिहिला, तर लेखकाच्या मनात नसतानाही निवेदक गावच्या पारावर जाऊन बसतो. निवेदक मुद्दामच तसा असेल, त्याचा निबरपणा दाखवायचा असेल, तर हाच शब्द अचूक आहे. नसेल तर नको. आपल्यावर गुदरलेले सांगणारी बाई बहुधा ‘मारतो’ म्हणते: ‘दारू पिऊन मारतो.’ त्या अपूर्ण, चालू काळातल्या रूपात जे न संपणारे आहे, ते ‘हाणतो’मध्ये येत नाही. अशा निवेदनात कुणी ‘मारतो’चे ‘हाणतो’ केले तर मी ते तितक्याच ठामपणे परत फिरवीन.

‘हाणणे’ नको आणि ‘मारणे’ फिके वाटते, अशा वेळी बाकीची भावंडे आहेत. ती बहुतेक कुठल्या ना कुठल्या कामातून आलेली. कुटणे उखळातले, झोडपणे कणसांचे, धोपटणे कपड्यांचे, चोपणे जमिनीचे, बडवणे ढोलाचे, ठोकणे खिळ्याचे. मूळ काम आठवून वापरले की शब्द आपोआप नेमका पडतो. झोडपण्यात एकामागून एक फटके आहेत, म्हणून पाऊस झोडपतो आणि फलंदाजही गोलंदाजाला झोडपतो. चोपण्यात खालचे सपाट होईपर्यंतची चिकाटी आहे. ठोकण्यात एकाच जागी नेम आहे. ‘खाडकन’, ‘फाडकन’ ही ध्वनिवाचक अव्यये आणायची तर ‘जोरात’ काढा; दोन्ही एकत्र आले की आवाज उलट कमी होतो.

तुमच्या वाक्याबद्दल: निवेदक घरातला, बोलका, मुलाच्या वयाचा किंवा शेजारचा असेल तर ‘बापाने पाठीत एक हाणला’ जसेच्या तसे ठेवा आणि संपादकांना लिंगवचनाचा मुद्दा दाखवा. निवेदक तटस्थ, दुरून पाहणारा असेल तर त्यांना नको असलेले क्रियापद बदलू द्या, पण फटका सोडू नका: ‘वडिलांनी पाठीत धपाटा घातला.’ बोली निवेदन असेल तर आणखी एक बारकावा आहे. अनेक बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो, तिथे रूप ‘हानला’ असे होईल. मग त्याच पात्राच्या तोंडी ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ हेही त्याच चालीने आले पाहिजे. एकट्या ‘हानला’मध्ये ‘न’ आणि पुढच्याच ओळीत शुद्ध ‘पाणी’, हे मुद्रितशोधक पकडेल, आणि त्याने पकडावेच.